लोणारचे पाणी आणि जीव निर्माण होण्याआधीची पृथ्वी

लोणारला विवराच्या वरच्या कडेला ‘धार’ म्हणून झरा आहे, त्या धारेवर ओंजळ धरून पाणी प्यायले तर ते गोड लागते. तेच पाणी उतारावरच्या झाडीतून खाली वाहत जाऊन सरोवराला मिळते आणि तिथून पुढे कुठेही जात नाही. काही वर्षांपूर्वी फाल्गुनातल्या एका सकाळी मी विवरात उतरले होते. कमळजा देवीच्या देवळापासून जवळच काठावर वाकून मी दोन बोटे पाण्यात बुडवली आणि एकमेकांवर घासली, तेव्हा साबण लागल्यासारखी ती एकमेकांवरून निसटली. काठाच्या चिखलावर पांढरी पापडी धरली होती. वर चढून येईपर्यंत बोटे वाळली होती आणि त्यांच्या रेषांमध्येही तसाच पांढरट कण राहिला होता. घरी उडदाच्या पापडांचे पीठ भिजवताना पापडखार हाताला लागतो तेव्हा अगदी असेच होते.

वरच्या झऱ्याला आणि खालच्या तळ्याला पाऊस एकच आणि खडकही एकच, तो म्हणजे दख्खनचा काळा बेसाल्ट. तरीही वरचे पाणी पिण्याजोगे आहे आणि खालच्या पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कधर्मीपणाचे माप (पीएच), दहाच्या आसपास असतो. फरक एवढाच की खालच्या पाण्याला वाट नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरात जे आत येते ते फक्त उन्हानेच बाहेर पडते, आणि ऊन पाणी तेवढे नेते, क्षार मागे ठेवते. रसायनशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली, पण पृथ्वीवर जीव कसा सुरू झाला असेल या प्रश्नातला सर्वांत अवघड दुवा या साध्या गोष्टीपाशी येऊन ठेपतो, हे मला लोणार पाहून आल्यानंतर खऱ्या अर्थाने कळले.

आधी त्या काळच्या पृथ्वीविषयी. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. तिच्या पहिल्या सुमारे ५० कोटी वर्षांच्या कालखंडाला भूशास्त्रज्ञांनी ग्रीक पुराणातल्या पाताळाचे, हेडीसचे, नाव दिले आहे, कारण वितळलेले खडक, उल्कांचा मारा आणि विषारी वायू असेच चित्र पूर्वी सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. सुरुवातीच्या काळापुरते ते बरोबरही आहे, कारण एका मोठ्या टकरीतून चंद्र तयार झाला तेव्हा पृथ्वीचा पृष्ठभाग वितळला असणार, याबद्दल फारसे दुमत नाही. परंतु ती अवस्था फार काळ टिकली नाही, असे सांगणारा एक चिमुकला साक्षीदार सापडला आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्स भागात मोहरीच्या दाण्याहूनही लहान असे झिरकॉन या खनिजाचे स्फटिक मिळाले आणि त्यांतल्या सर्वांत जुन्याचे वय सुमारे ४४० कोटी वर्षे निघाले. हे स्फटिक ज्या खडकात घडले तो खडक केव्हाच झिजून नाहीसा झाला, पण स्फटिक चिवट असल्यामुळे टिकले. त्यांच्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे, म्हणजे हलक्या आणि जड अणूंचे, प्रमाण मोजल्यावर असे दिसले की ज्या शिलारसातून ते घडले, त्यात पाण्याशी आधीच प्रक्रिया झालेले खडक मिसळलेले होते. म्हणजे ४३० कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास पृथ्वीवर द्रवरूप पाणी होते. आपल्याकडेही ओडिशातल्या चंपुआ परिसरातील खडकांत ४२४ कोटी वर्षांपूर्वीचा झिरकॉन सापडला असून ते संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झाले. पाताळाचे नाव मिळालेल्या त्या काळात पृथ्वीवर पाणी साठलेले होते, ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सर्वांत जास्त चकित करत असे.

हे पाणी द्रव कसे राहिले, हा पुढचा प्रश्न आहे. तेव्हाचा सूर्य आजच्या तुलनेत सुमारे ७० टक्केच तेजस्वी होता. आजचे वातावरण तसेच ठेवून सूर्य तेवढा मंद केला तर समुद्र गोठून जातील. ते गोठलेले नव्हते, याचा अर्थ पृथ्वीवर उष्णता धरून ठेवणाऱ्या वायूंचे जाड पांघरूण होते आणि त्यात कार्बन डायऑक्साइडचा वाटा मोठा असणार. मोकळा ऑक्सिजन जवळजवळ नव्हता, त्यामुळे ओझोनचा थरही नव्हता आणि अतिनील किरण थेट जमिनीपर्यंत पोचत होते. चंद्र जवळ असल्यामुळे भरती-ओहोटी जोराची होती आणि दिवसही आजच्यापेक्षा बराच लहान होता. यांतला कार्बन डायऑक्साइड लक्षात ठेवावा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

शाळा-महाविद्यालयात या विषयावर शिकवले जाते ते मुख्यतः स्टॅन्ली मिलर यांच्या प्रयोगाबद्दल. रशियन शास्त्रज्ञ ओपारिन यांनी १९२४ साली आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेन यांनी १९२९ साली स्वतंत्रपणे असे मांडले होते की आदिम पृथ्वीवर साध्या वायूंपासून सेंद्रिय रेणू आपोआप तयार होऊन पाण्यात साठले असावेत. हेच हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. मिलर यांनी शिकागोत मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांच्यातून विजेच्या ठिणग्या पाठवल्या आणि अमिनो आम्ले मिळवली. हे संशोधन १९५३ साली प्रसिद्ध झाले. आदिम वातावरण त्या मिश्रणासारखे नसून त्यात कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन अधिक असावेत, असे नंतर पुढे आले, तरीही त्या प्रयोगाचे महत्त्व कमी होत नाही. माझी खंत वेगळी आहे. हा प्रयोग फळ्यावर रंगवून सांगताना मी कितीतरी वर्षे एक गोष्ट घाईने ओलांडून जात असे. ती म्हणजे मिलर यांच्या त्या काचेच्या उपकरणात फॉस्फरस नव्हताच.

फॉस्फरसाशिवाय आपल्याला माहीत असलेला जीव उभा राहत नाही. आनुवंशिक माहिती वाहणाऱ्या डीएनए आणि आरएनए या रेणूंच्या लांबलचक साखळीचा कणा साखर आणि फॉस्फेट यांचा असतो, पेशीचे आवरण फॉस्फेटयुक्त मेदाचे असते आणि पेशीतली ऊर्जा ज्या रेणूतून खर्च होते त्या एटीपीच्या (अॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट) नावातच तीन फॉस्फेट आहेत. २००९ साली ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ जॉन सदरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरएनएचे दोन घटक साध्या रेणूंपासून तयार करून दाखवले, तेव्हा त्या प्रक्रियेत फॉस्फेट शेवटी जोडण्यापुरते नव्हते, सुरुवातीपासून मिश्रणात होते आणि वाटेतल्या पायऱ्या सुकर करत होते. अडचण अशी की अशा प्रयोगांत फॉस्फेट भरपूर ओतलेले असते, नदीच्या पाण्यात असते त्याच्या दहा लाख पटींपर्यंत. निसर्गात एवढे फॉस्फेट पाण्यात विरघळून राहत नाही, कारण पाण्यात कॅल्शियम असते आणि कॅल्शियम दिसले की फॉस्फेट त्याला घट्ट धरून तळाशी बसते. आपली हाडे आणि दात कॅल्शियम फॉस्फेटच्याच जातीच्या खनिजाचे असतात, यावरून ही पकड किती पक्की असते ते ध्यानात यावे.

ही अडचण मी वर्गात अशी दाखवत असे. कॅल्शियम क्लोराइडच्या पारदर्शक द्रावणात सोडियम फॉस्फेटचे द्रावण घातले की परीक्षानळीत ताबडतोब दाट पांढरा अवक्षेप येतो. दुसऱ्या नळीतल्या तशाच कॅल्शियमच्या द्रावणात आधी भरपूर धुण्याचा सोडा घालायचा. याही वेळी पांढरा साका येतो, पण तो खडूचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. तो गाळून वरचे नितळ पाणी घ्यायचे आणि त्यात फॉस्फेट घालायचे. आता काहीही होत नाही, पाणी नितळच राहते. सोड्याने कॅल्शियम आधीच काढून नेलेला असल्यामुळे फॉस्फेटला धरायला कुणी उरत नाही. बोअरच्या दुष्फेन पाण्यात साबणाला फेस येत नाही म्हणून जुन्या बायका बादलीत आधी चिमूटभर सोडा टाकत आणि मग कपडे भिजवत, त्यामागे हेच रसायनशास्त्र आहे. कॅल्शियम खाली बसला की साबण मोकळा होतो. साबणाच्या जागी फॉस्फेट ठेवले की झाले.

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जोनाथन टोनर आणि डेव्हिड कॅटलिंग यांनी नेमका हाच विचार तळ्यांच्या पातळीवर नेला. २०१९ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाचे म्हणणे असे की ज्या बंदिस्त तळ्यांत कार्बोनेट भरपूर असते, तिथे कॅल्शियम कार्बोनेटबरोबर बांधला जाऊन तळाशी जातो आणि फॉस्फेट पाण्यातच साठत राहते. यासाठी त्यांनी आजच्या जगातल्या अशा तळ्यांची मोजमापे तपासली. त्यांत कॅलिफोर्नियातले मोनो सरोवर आहे, केनियातले मगाडी आहे आणि बुलढाणा जिल्ह्यातले आपले लोणारही आहे. अशा काही तळ्यांत फॉस्फेटचे प्रमाण समुद्राच्या किंवा साध्या नदी-तळ्यांच्या पाण्यापेक्षा ५० हजार पटींपर्यंत जास्त आढळते. मी हे वाचले तेव्हा मला सर्वप्रथम ती दोन निसटती बोटे आठवली.

आता ते कार्बन डायऑक्साइडचे पांघरूण पुन्हा आठवावे. हवेत हा वायू मुबलक असेल तर पाऊसही आजच्यापेक्षा बराच आंबट पडतो. आंबट पाणी बेसाल्टासारख्या ज्वालामुखीच्या खडकाला लवकर झिजवते आणि त्यातला सोडियम, कॅल्शियम आणि थोडासा फॉस्फरस सोबत घेऊन उतारावरून खाली जाते. वाटेत खोलगट, निचरा नसलेली जागा लागली की तिथे हे पाणी साठते आणि वर्षानुवर्षे आटत, भरत, पुन्हा आटत राहते. म्हणजे जे वातावरण पृथ्वीला गोठण्यापासून वाचवत होते, तेच फॉस्फेटची तळीही भरत होते. टोनर आणि कॅटलिंग यांच्या गणिताप्रमाणे हवेत एवढा कार्बन डायऑक्साइड असताना तळ्याचा सामू लोणारसारखा दहापर्यंत चढत नाही, नऊच्या आतच राहतो, आणि हे फार महत्त्वाचे आहे, कारण फार तीव्र अल्कधर्मी पाण्यात आरएनएची साखळी टिकत नाही, तुटत जाते. आजच्या लोणारच्या पाण्यात आरएनए उघडा ठेवला तर त्याचे फार दिवस निभणार नाही, पण त्या काळच्या लोणारसारख्या तळ्यात निभले असते.

अशी खोलगट जागा आली कुठून, याचेही उत्तर लोणारच देते. अशनीच्या आघाताने थेट बेसाल्टात तयार झालेली विवरे आजच्या पृथ्वीवर अगदी मोजकी उरली आहेत आणि म्हणूनच चंद्राचा आणि मंगळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारला येतात. मात्र चारशे कोटी वर्षांपूर्वी कवच मुख्यतः बेसाल्टसारख्या खडकाचे होते आणि आकाशातून मारा चालूच होता. आज दुर्मीळ असलेली ही गोष्ट तेव्हा जागोजागी असणार. शिवाय मोठ्या आघातानंतर खालचा खडक दीर्घकाळ तापलेला राहतो आणि त्यातून गरम पाण्याचे झरे वाहतात, हा आणखी एक लाभ.

यावर एक आक्षेप योग्य आहे आणि तो मला बरीच वर्षे अडवत होता. तळे असायला जमीन हवी. सुरुवातीची पृथ्वी जवळजवळ सगळी समुद्राखाली होती, असे मानणारे अनेक भूशास्त्रज्ञ आहेत, आणि खंड वर येण्याचा काळ बराच नंतरचा धरला जातो. पूर्व भारतातल्या सिंहभूम भागातल्या खडकांवरून २०२१ साली असे मांडले गेले की तिथली भूमी ३२० ते ३३० कोटी वर्षांपूर्वी समुद्राबाहेर आली. तळ्यांच्या कल्पनेला हे फार उशिराचे ठरेल. परंतु २०२४ साली त्याच जॅक हिल्समधल्या झिरकॉनवर झालेल्या कामात, सुमारे ४०० कोटी वर्षांपूर्वीच्या स्फटिकांमध्ये हलक्या ऑक्सिजनचे असे प्रमाण आढळले की ते समुद्राच्या नव्हे, तर पावसाच्या गोड्या पाण्यानेच येऊ शकते. गोडे पाणी खडकात मुरायचे म्हणजे खडक समुद्राच्या वर हवा. अखंड खंड नसतील, ज्वालामुखीची बेटे असतील, पण पाऊस पडून वाहायला आणि साठायला जागा होती, एवढे त्यावरून म्हणता येते. तळ्यांना तेवढे पुरेसे आहे.

दुसरा पक्ष समुद्रतळाचा आहे. २००० साली अटलांटिकच्या तळाशी ‘लॉस्ट सिटी’ नावाने ओळखली जाणारी पांढऱ्या कार्बोनेट मनोऱ्यांची जागा सापडली. तिथून गरम, अल्कधर्मी, हायड्रोजनयुक्त पाणी बाहेर पडते, आणि अशा मनोऱ्यांच्या सूक्ष्म छिद्रांमध्ये जीवाची सुरुवात झाली असावी, असे काही शास्त्रज्ञ मानतात. आत अल्कधर्मी आणि बाहेर किंचित आम्लधर्मी पाणी असल्यामुळे तिथे ऊर्जेचा सतत स्रोत मिळतो. पेशी ऊर्जा मिळवण्यासाठी आजही अशीच तफावत वापरतात, आणि ही या मताची खरी ताकद आहे. ती नाकारता येत नाही. मात्र तयार झालेले रेणू अथांग समुद्रात विरून जाण्यापासून कसे वाचणार, आणि कॅल्शियमने भरलेल्या पाण्यात फॉस्फेट कुठून आणायचे, हे दोन प्रश्न तिथे सुटत नाहीत. पहिल्या पेशींना असावीत अशा मेदाम्लांच्या साध्या आवरणांनाही कॅल्शियम आणि मॅग्नेशियम फाडून टाकतात. सोड्याच्या तळ्यात तो शत्रू आधीच तळाशी बसलेला असतो. म्हणून माझे मत तळ्यांच्या बाजूने झुकते.

जयंत नारळीकर यांचे २०२५ साली निधन झाले. जीव पृथ्वीबाहेरून आला असेल का, या प्रश्नाकडे मराठी माणसाने गांभीर्याने पाहायला शिकावे, यात त्यांचा वाटा मोठा आहे. २००१ साली हैदराबादहून सोडलेल्या बलूनने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले होते आणि त्या प्रयोगामागे तेही होते. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. तरीही जीव बाहेरून आला असे मानले, तरी तो जिथे कुठे सुरू झाला तिथेही कॅल्शियम असणार आणि तिथेही फॉस्फेट कसे तरी मोकळे राहिले असणार. तळे कोणत्या ग्रहावरचे एवढेच बदलेल.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, ज्वालामुखीच्या पठारावर, ‘लास्ट चान्स’ नावाचे एक उथळ तळे आहे. खोली फूटभरसुद्धा नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे, आजवर कोणत्याही नैसर्गिक पाण्यात मोजलेल्या फॉस्फेटपेक्षा जास्त फॉस्फेट याच्या पाण्यात आहे. त्याच्याजवळच ‘गुडइनफ’ नावाचे दुसरे तळे आहे, तेही सोड्याचेच, पण त्यात फॉस्फेट बरेच कमी. कारण काय, तर गुडइनफमध्ये हवेतला नायट्रोजन बांधणारे सूक्ष्मजीव सुखाने वाढतात आणि फॉस्फेट संपवतात. लास्ट चान्स इतके खारे आहे की तिथे त्यांचा फारसा निभाव लागत नाही, म्हणून तिथले फॉस्फेट खायला कुणी नसते आणि ते साठत जाते. जीव निर्माण होण्याआधीच्या पृथ्वीवर तर खाणारे अजिबातच नव्हते. तेव्हाची अशी तळी लास्ट चान्सहूनही समृद्ध असणार.

डार्विन यांनी १८७१ च्या फेब्रुवारीत आपले मित्र जोसेफ हूकर यांना लिहिलेल्या पत्रात, अमोनिया आणि फॉस्फरसचे क्षार असलेल्या एका उबदार लहान तळ्याची कल्पना केली आहे. ती ओळ सर्वांना माहीत असते. त्याच वाक्याचा पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही, आणि मला तो जास्त खोल वाटतो. आज असे काही तयार झाले तर ते तत्काळ खाल्ले किंवा शोषले जाईल, सजीव निर्माण होण्यापूर्वी तसे झाले नसते, असा त्या भागाचा आशय आहे. फॉस्फरसचे क्षार त्यांनी का निवडले असतील हे मला माहीत नाही, पण दीडशे वर्षांनंतर दोन शेजारच्या तळ्यांतल्या फॉस्फेटच्या फरकाने त्यांच्या वाक्याचा तो पुढचा भाग खरा करून दाखवला आहे.

लोणारला पुन्हा गेले तेव्हा हे वाक्य माझ्या मनात होते. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले होते आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले की पाणी आटून क्षारता वाढल्यामुळे मिठावर जगणारे सूक्ष्मजीव माजले आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाण्याला तो रंग आला. ते जीव आदिम काळातले नव्हेत, याची जाणीव ठेवायला हवी. अब्जावधी वर्षांच्या उत्क्रांतीतून आलेले ते आजचेच रहिवासी आहेत. मी गेले तेव्हा पाणी नेहमीसारखे गर्द हिरवे होते आणि काठाशी शेवाळाचा उग्र वास येत होता. वर धारेवर माणसे स्नान करत होती. तिथून निघणारे गोडे पाणी बेसाल्टातला अगदी किंचित फॉस्फरस घेऊन झाडीतून खाली उतरत होते आणि तळ्याला मिळताच ते हिरवे शेवाळ तो उचलून घेत होते.